मनूला, डुंडीगलच्या हवाई दल अकादमीच्या पत्त्यावर

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

तिथं फोन जमा करून घेतात म्हणे, म्हणून पत्र. माझं अक्षर तुला लागत नाही असं आईचं म्हणणं, म्हणून टाईप करून राहिलो, चुका समजून घे.

स्टेशनवर तू माझ्याशी धड बोलली नाही. आदल्या रात्री जेवताना मी विमानांच्या किमती काढल्या त्याचा राग, कळते मला. पण ३६ राफेल लढाऊ विमानांचे ५९ हजार कोटी हा आकडा मी काही घरून नाही आणला. आणि बंडूमामा जे म्हणाला, की एवढ्यात दवाखाने किती होतील, त्यालाही नुसतं हसून सोडून देता येत नाही. तरी विमानं घेऊ नका असं मी कधीच म्हणालो नाही, तू पूर्ण ऐकून न घेताच उठून गेली.

माझं म्हणणं एवढंच की आपण पैसा खूप घालतो पण वेळेवर घालत नाही. २००७ ला १२६ विमानांचं टेंडर काढलं, वर्षानुवर्षं ट्रायल, बोलणी, फायली, आणि २०१५ मध्ये काय ठरलं तर ३६. तोवर मिग-२१ उडतच राहिलं, १९६३ ला आलेलं विमान २०२५ च्या सप्टेंबरात निरोप घेते म्हणजे काय! माझ्यापेक्षा म्हातारं ते, आणि त्यात पंचविशीची पोरं बसत होती. मंजुरी ४२ स्क्वॉड्रनची, म्हणजे लढाऊ विमानांच्या तुकड्यांची, हातात २९. आपल्या देशी तेजस विमानाचं पण पाहा ना, २०२१ ला ८३ ची ऑर्डर, मग इंजिनंच अमेरिकेतून वेळेवर येईनात, आणि तेवढ्यात अजून ९७ ची ऑर्डर ६२ हजार कोटींची. आमच्या हिंगण्याच्या कारखान्यात बाहेरून आणलेलं ग्राइंडर एका बेअरिंगसाठी ताडपत्री टाकून पडून होतं, साहेब लोक मात्र पाहुण्यांना ते दाखवायला घेऊन यायचे. म्हणून मी नवीन विमान किती घेतले हे विचारत नाही, त्यातले सकाळी उडायच्या लायकीचे किती हे विचारतो. स्पेअर, इंजिन, मेंटेनन्स यावर पैसा घाला, हवा तेवढा घाला, मी टॅक्स भरतो, माझी ना नाही.

झालं, पुन्हा लेक्चर. सॉरी बेटा. जेवण कसं आहे तिथलं? पळून पळून पाय दुखत असतील तर रात्री कोमट पाण्यात मीठ टाकून ठेवत जा.

नोव्हेंबरात दुबईला तेजस पडलं तेव्हा तू तिकडं बॅगेची लिस्ट करत होती आणि मी टीव्हीचा आवाज बंद केला होता. आई अजूनही त्यावर एक शब्द बोलत नाही. मी पण बोलणार नव्हतो. २०१६ मध्ये पहिल्या तीन मुली फायटर पायलट झाल्या, तू तो पेपरमधला फोटो कापून कपाटाच्या आतल्या दारावर चिकटवला, तेव्हा मीच सगळ्या कॉलनीत सांगत फिरलो होतो ना. आता वर्माकाकू विचारतात, पोरगी कोणतं विमान चालवेल हो? मी ऐटीत सांगतो, आधी पिलाटस, शिकायचं विमान, पुढचं पुढं. आणि रात्री नेटवर पाहत बसतो की पिलाटसमध्ये इजेक्शन सीट, संकटात पायलटला बाहेर फेकणारी, असते की नाही. असते. मी तीनदा वेगवेगळ्या ठिकाणी पाहिलं.

आठवीत आपण लुनाचं कार्ब्युरेटर खोललं होतं, आठवते? जोडल्यावर एक स्क्रू उरला, गाडी तर मस्त सुरू झाली, मी म्हटलं राहू दे. तू नाही ऐकलं, रात्री दहाला सगळं परत खोललं, तोंडभर ग्रीस, जेवायला बोलवून बोलवून आजी थकली. ते डोकं तिथं वापर. विमानापाशी गेली की खाली काय गळते, कुठं काय ढिलं आहे ते स्वतः पाहत जा, आणि टेक्निशियन लोकांना कधी चढ्या आवाजात बोलू नको, ते काय म्हणून राहिले ते आधी ऐक. नाही पटलं तर उडणार नाही म्हणून सांग. तसं सांगता येते ना तिथं? हे मला नक्की कळव.

लाडू शनिवारी कुरिअर केले. वाडीच्या प्लॉटचं काकांशी बोलणं झालं, ते तू आल्यावर. आणि सीटचा क्लास असेल तेव्हा पेंगू नको, पुढच्या बाकावर बस.

बाबा