‘विजय’चा ‘व्हिक्टरी’ होऊ नये म्हणून

महोदय,

ब्राउझरने मराठी पान इंग्रजीत केले की कधी आशाताईंची ‘होप’ होते, कधी विजयरावांचा ‘व्हिक्टरी’. कवितेचे काय होते ते विचारूच नये. वाचक मात्र ते लेखकाचेच शब्द समजतो. कुठल्या मजकुराला हात लावू नये, हे सांगण्याची सोय एचटीएमएलमध्ये, म्हणजे वेबपाने ज्या खुणांच्या भाषेत लिहितात तिच्यात, आहे.

आधी पानाची भाषा पाहावी. संकेतस्थळाच्या आयत्या साच्यात (थीममध्ये) भाषा सांगणाऱ्या ‘लँग’ या गुणधर्मात ‘ईएन-यूएस’ (अमेरिकी इंग्रजी) राहून जाते, किंवा देवनागरी दिसली म्हणून कोणी ‘एचआय’ (हिंदी) लिहितो. तिथे ‘एमआर’ (मराठी) हवे. वर्डप्रेस या संकेतस्थळे बनवण्याच्या प्रणालीत सेटिंग्ज, जनरल, साइट लँग्वेज येथे मराठी निवडावी; डॅशबोर्ड इंग्रजीत हवा असेल तर प्रोफाइलमधून तो वेगळा ठेवता येतो. काही फाँटांत मूळ वळण हिंदीचे असते आणि मराठी ‘ल’, ‘श’ ही ‘एमआर’ची खूण दिसली तरच उमटतात. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा स्क्रीनरीडरही तिच्यावरूनच आवाज निवडतो. हिंदी आवाजातला ‘चमचा’ एकदा ऐकावाच.

मग ‘ट्रान्सलेट’ गुणधर्माला ‘नो’ ही किंमत द्यावी. कविता असेल तर तिच्या सबंध डिव्हला (मजकुराचा ठोकळा बांधणाऱ्या खुणेला), नाव असेल तर त्याभोवती स्पॅन (ओळीतल्या शब्दांभोवतीची खूण) घालून. अडचण येते ती विभक्तीची. ‘विजयने’मधला फक्त ‘विजय’ स्पॅनमध्ये घेतला तर ‘ने’ एकटा उरतो आणि यंत्र त्याचे काहीही करते. अख्खा शब्द आत घ्यावा; इंग्रजी वाक्यात देवनागरी ‘विजयने’ विचित्र दिसेल, पण नाव तरी शाबूत राहील.

गुगलसाठीचा ‘नोट्रान्सलेट’ मेटा टॅग (सबंध पानाविषयीची, वाचकाला न दिसणारी सूचना) मात्र जपून वापरावा. त्याने सबंध पानाच्या भाषांतराची विचारणाच बंद होते. परदेशात वाढलेल्या नातवाला आजीचा लेख वाचायचा असेल, तर वेडेवाकडे का होईना, भाषांतरच हाताशी असते. बातमीच्या पानावर तो टॅग नकोच.

अर्थात ही विनंती आहे, कुलूप नव्हे. क्रोम ती मानतो. पण मजकूर उचलून दुसऱ्या साधनात चिकटवला की खुणा गळून पडतात.

आपल्या ई-आवृत्तीतही लेखकाच्या नावाची ओळ साच्यातूनच येत असणार. तिथे हा गुणधर्म एकदा घातला की त्या साच्यातल्या प्रत्येक लेखाला लागू होईल. जुन्या लेखांना वेगळा हात लावावा लागणार नाही.

— एक संकेतस्थळ-रचनाकार, पुणे