सरहद्दीवरचा शतायुषी कायदा

महोदय,
इंग्रज गेले, पण त्यांचे काही कायदे मुक्काम ठोकून राहिले. वायव्य सरहद्दीवरचे १९०१ चे ‘फ्रंटियर क्राइम्स रेग्युलेशन’ त्यातलेच. गुन्हा एकाचा, शिक्षा साऱ्या टोळीला: दंड, नाकेबंदी, प्रसंगी घरेही जमीनदोस्त. सगळी सत्ता पोलिटिकल एजंटच्या, म्हणजे तिथल्या सरकारी अधिकाऱ्याच्या मुठीत. वकील नाही, कोर्टात अपील नाही. मलिकांना, म्हणजे टोळीप्रमुखांना, मात्र तनखे! पाकिस्तानने हे २०१८ पर्यंत जपले. त्या टोळीप्रदेशातल्या सर्वसामान्य प्रौढांना मतदानाचा हक्कसुद्धा १९९६ मध्ये मिळाला.

आपण हसायचे कारण नाही. १८७३ ची ‘इनर लाइन’, म्हणजे बाहेरच्यांना परवान्याशिवाय ओलांडता न येणारी हद्द, आपल्या ईशान्येत आजही आहे. फरक इतकाच, की ती तिथल्या अनेकांनाच हवी आहे. मणिपूरला तर ती डिसेंबर २०१९ मध्ये मागणी केल्यावर मिळाली.

एक वाचक, सातारा