रविवारची बैठक: नलिनी मलानी

सभासदांनो, येत्या रविवारी संध्याकाळी ५ वाजता दादरला, नेहमीच्या जागी, चित्रकार नलिनी मलानींच्या कामावर बोलू. जन्म १९४६, कराची. शिक्षण आपल्याच मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात. मायलारच्या (एक प्रकारचं पातळ प्लास्टिक) पारदर्शक नळकांड्यांवर आतून चित्रं रंगवायची, त्या टांगून फिरवायच्या नि प्रकाश सोडून भिंतीवर सावल्या खेळवायच्या, ही त्यांची खासियत. सीता आणि ग्रीक पुराणातली मेडिआ दोघीही त्यांच्या चित्रांत भेटतात. अर्पिता सिंग, नीलिमा शेख, माधवी पारेख यांच्यासह त्यांनी १९८७ ते ८९ दरम्यान बायकांनी काढलेल्या चित्रांचं फिरतं प्रदर्शन केलं. माझ्या मते २०२३ला त्यांना मिळालेल्या जपानच्या क्योटो पुरस्काराहूनही हे मोठं, वाद घालायचाय? या! मेगाब्लॉक बघून निघा, प्रोजेक्टर वेळेवर सुरू होईल.