सईस, पट्ट्यासोबत

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

पोहोचल्याचा फोन आला, जिवात जीव आला. आज तुझं कपाट आवरताना मनगटाचा पट्टा सापडला. म्हणजे तिकडे तू मनगट दुमडून उशीखाली घेऊनच झोपणार. कुरियरने पाठवते आहे, रोज रात्री घाल. याविषयी एवढंच.

नाना येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, नात हाताचं मॉडेल करते. पुढचं सांगता येत नाही, मग मला हाक मारतात. मी सांगते, एमआरआयवरून हाडांचे आकार घेतात, मनगटातल्या बोगद्यातून नऊ टेंडन, म्हणजे बोटं ओढणाऱ्या दोऱ्या जातात, त्यांच्यात दाटीने एक नस, मीडियन नर्व्ह. बोटं हलली की टेंडन सरकतात, आणि नस कुठे किती दाबली जाते ते कॉम्प्युटर काढतो. बरोबर सांगते ना?

पवईच्या लॅबमध्ये माझ्या बोटांवर चमकते गोळे चिकटवून तू कात्री चालवायला लावलीस, तो दिवस आठवतो. पडद्यावर माझाच हात, नुसती हाडं, कापड कापत होता. जन्मभर ब्लाउज बेतले, पण अंगठा एवढा राबतो हे त्या दिवशी पाहिलं. बरोबरच्या मुलांना तू म्हणालीस, "ही माझी आई, डेटा हिचाच आहे." घरी येईपर्यंत लोकलमध्ये मी कुणाशी बोलले नाही. बोलले असते तर रडले असते.

आणि तूच निघायच्या आदल्या रात्री उठून बसलीस, हात झटकत. मी जागीच होते. मुंग्या अंगठा, तर्जनी, मधल्या बोटाला, हो ना? करंगळी ठीक? तिची नस वेगळी, हे तूच शिकवलंस, म्हणून तर जास्त भीती वाटते. शांताकाकूंनी मुंग्यांकडे असंच दुर्लक्ष केलं. अंगठ्याखालचा उंचवटा बसला, आता सुई हातात राहत नाही.

१९८१ सालच्या मापनाचे आकडे तूच सांगितले होतेस. मनगट सरळ असताना निरोगी माणसाच्या बोगद्यात दाब पाऱ्याच्या अडीच मिलिमीटरच्या आसपास, नस दाबली जाण्याचा त्रास असलेल्यांत सरासरी ३२, आणि त्यांचं मनगट पुढे वाकवलं की ९० च्या वर. हे पाठ असलेल्या मुलीने रात्रभर माऊस धरून बसायचं? दर तासाला उठायला काय होतं तुला? थीसिस पळून जाणार आहे का?

रागावले, माफ कर. यातलं तुला माझ्याहून जास्त कळतं. काकूंचा हात रोज डोळ्यांसमोर असतो, म्हणून लिहिलं गेलं.

आजीला थायरॉइड होता. त्यानेही असं होऊ शकतं ना? रक्त तपासून घे, आणि नर्व्ह कंडक्शनची, त्या नसेच्या तपासणीची तारीख तिकडे कधी मिळते ते विचार. पैशाचं बघू नकोस, भिशी याच महिन्यात लागली आहे. बुधवारी फोन करशील तेव्हा आधी हे सांग, थंडीचं मग.

तुझी,
आई