ग्रँड कौन्सिलने मुसोलिनीला काढले नाही

'फॅसिस्ट ग्रँड कौन्सिलने मुसोलिनीला पदच्युत केले' असे सर्रास छापले जाते. हे चूक आहे. ही कौन्सिल म्हणजे इटलीचा हुकूमशहा मुसोलिनी याच्या फॅसिस्ट पक्षाची सर्वोच्च समिती. १९२८च्या कायद्याने कौन्सिलला घटनात्मक दर्जा दिला; पण बैठक बोलावणे, विषयपत्रिका ठरवणे मुसोलिनीच्याच हाती राहिले. निवडणुकीसाठी सुचवलेल्या हजार नावांतून ४०० उमेदवारांची यादी कौन्सिल ठरवी, मतदाराने संपूर्ण यादीला फक्त हो किंवा नाही म्हणायचे! डिसेंबर १९३९ नंतर तर साडेतीन वर्षे बैठकच नव्हती. २४-२५ जुलै १९४३च्या रात्रीच्या बैठकीत फॅसिस्ट नेते ग्रांदी यांचा ठराव १९ मतांनी संमत झाला. त्यात मुख्य मागणी होती ती इटलीच्या राजाने सैन्याचे नेतृत्व आणि सर्वोच्च निर्णयाधिकार पुन्हा स्वीकारावा, ही; मुसोलिनीला काढण्याची नव्हे. बडतर्फी आणि अटक नंतर २५ जुलैलाच राजाने केली. ठरावाच्या बाजूने मत देणाऱ्यांपैकी पाच जणांना जानेवारी १९४४मध्ये इटलीतल्या व्हेरोना शहरात गोळ्या घातल्या गेल्या. त्यात मुसोलिनीचा जावई चानोही होता.

– एक वाचक, पुणे