हेल-बॉपचा रोल वाचवणाऱ्या काकांना

काका,

तुमचं नाव लिहायचं नाही असं तुम्ही दोनदा बजावलंय म्हणून नुसतं काका लिहितेय. पण पत्र मात्र सगळ्यांसमोरच लिहायचं हे माझं ठरलेलं होतं, कारण तुम्ही मला जे दाखवलंत ते अजून किती जणांना लागणार आहे, ९६-९७ साली धूमकेतूंचे फोटो काढून रोल कपाटात ठेवून दिलेले लोक काय कमी आहेत का.

माझा रोल हेल-बॉप धूमकेतूचा. एप्रिल १९९७, पाडव्याच्या आधीचा शनिवार, अमावास्या दोन दिवसांवर, आणि आम्ही दोघी मैत्रिणी कर्जत लोकलने वांगणीला गेलो होतो. दोन फळ्या, मध्ये बिजागरी आणि एक लांब स्क्रू एवढंच आमचं यंत्र. बिजागरीचा रोख ध्रुवाकडे करायचा, म्हणजे आपल्याकडे क्षितिजापासून साधारण १९ अंश वर, मग एकीने घड्याळ बघत स्क्रू फिरवत राहायचा, मिनिटाला एक फेरा, की वरचा कॅमेरा ताऱ्यांबरोबर सरकत राहतो. ५० एमएमची लेन्स, ४०० स्पीडची कलर फिल्म, चार-चार मिनिटांची एक्स्पोजर. धूमकेतू वायव्येला बराच खाली होता, धुळीची पिवळट शेपटी नुसत्या डोळ्यांनी दिसत होती आणि निळी, वायूची शेपटी फिल्मवर येईल अशी आशा होती, आणि ती आलेली. प्रिंट मात्र करडी, मळकट आली, एक फ्रेम लॅबमध्ये मधोमध कापली गेली, मी ते सगळं पाकिटात घातलं आणि इतकी वर्षं उघडलंच नाही.

फ्रेम कशी कापली गेली हेसुद्धा मला तुमच्याकडून कळलं. निगेटिव्हवर काळं आकाश म्हणजे जवळपास कोरी फिल्म, दोन फ्रेममधली पट्टी पण कोरी, कापणाऱ्याला कड दिसणार कशी. म्हणून जुनी मंडळी रोलचा पहिला फोटो दिवसाउजेडी घराचा-झाडाचा काढून ठेवायची, तिथून माप धरून पुढचं कापता यायचं. हे तेव्हा कोणी सांगितलं असतं तर!

मागच्या पावसाळ्यात मी तो रोल बाहेर काढला, तीन फ्रेमवर बुरशीचे कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे. मी पाण्याने धुवायला निघाले होते आणि तुम्ही फोनवर जवळजवळ ओरडलात, पाणी लावू नकोस! बुरशीने खाल्लेलं इमल्शन, म्हणजे फिल्मवरचा चित्राचा थर, पाण्यात विरघळतं, धागे जातात आणि त्यांच्याबरोबर चित्रही जातं. त्या एका ओरडण्याबद्दलच मी आयुष्यभर तुमची ऋणी आहे काका. त्या तीन फ्रेम आता सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर डब्यात आहेत आणि आहेत तशा स्कॅन झाल्यात.

घरच्या फ्लॅटबेडवर, म्हणजे कागद ठेवायच्या साध्या काचेच्या स्कॅनरवर, मी केलेले पहिले स्कॅन तुम्ही बघितलेत. लेव्हल्स ताणल्या, म्हणजे अंधारातले बारीक फरक उजळवले, की आकाशभर उभ्या रेघा, एका कोपऱ्यात पाण्यावर तेल पसरावं तशी रंगीत वलयं, आणि शिवाय तारे कमी. वलयांचं लवकर उरकलं, फिल्म पोक काढून काचेला टेकत होती, ती होल्डरमध्ये ताणून काचेपासून वर उचलली आणि गेली वलयं. रेघांना मात्र आपली अख्खी दुपार गेली. तेव्हा तुम्ही जे बोललात ते मी कागदावर लिहून स्कॅनरच्या झाकणावर चिकटवलंय: "फिल्म फिरव आणि परत स्कॅन कर. जे फिल्मबरोबर फिरेल ते फिल्मचं, जे जागेवर राहील ते मशीनचं." फिल्म आडवी ठेवली आणि रेघा उभ्याच राहिल्या, म्हणजे मशीनच्या. मग तुम्ही काचेच्या वरच्या टोकाची ती रिकामी पट्टी दाखवलीत जिथे स्कॅनर सुरुवातीला स्वतःचं माप घेतो, तिथे धुळीचा एक कण असला तरी मशीन त्या जागेचा उजेड चुकीचा मोजतं आणि ती चूक खालपर्यंत ओढत नेतं. ब्लोअर मारला, पुसलं, निम्म्याहून जास्त रेघा गेल्या. उरलेल्या उजळ रेघांसाठी उभा आणि आडवा असे दोन स्कॅन एकमेकांवर बसवून प्रत्येक ठिकाणी त्यातला कमी उजळ पिक्सेल घेतला. हे डोकं तुमचंच, मला सुचलं नसतं.

आणि तारे. मी सॉफ्टवेअरचं डस्ट रिमूव्हल चालू ठेवलं होतं, ते बारीक पांढरे ठिपके शोधतं आणि पुसतं, आणि बारीक पांढरे ठिपके म्हणजेच तर माझं आकाश. निगेटिव्हवरचा धुळीचा कण उजेड अडवतो, तो पॉझिटिव्हमध्ये पांढरा होतो, म्हणजे धूळ आणि तारा नुसतं बघून ओळखूच येत नाही. आयुष्यभर छपाईसाठी फिल्म स्कॅन केलेल्या माणसाला हे माहीत असणारच, पण तुम्ही ते मला ज्या शांतपणे दाखवलंत ते विसरणार नाही. तुमच्या फिल्म स्कॅनरवर ४००० डीपीआयला (इंचाला ४००० ठिपके), बारीक छटा टिकाव्यात म्हणून १६ बिटमध्ये स्कॅन केलं आणि इन्फ्रारेड चॅनेल, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या उजेडातलं चित्र, वेगळा सेव्ह केला. कलर फिल्ममधले रंग इन्फ्रारेडला आरपार जाऊ देतात, धूळ आणि ओरखडे देत नाहीत. त्यामुळे त्या चॅनेलमध्ये आकाश नाही, धूमकेतू नाही, एकही तारा नाही, फक्त कचरा. (ब्लॅक अँड व्हाइटवाल्यांनी यावर विसंबू नये, त्यातली चांदी इन्फ्रारेडसुद्धा अडवते.) मग आपोआप पुसणं बंद, दोन्ही चित्रं शेजारी ठेवून एकेक ठिपका बघायचा. तुम्ही माझ्यासोबत चार रविवार हे केलंत. चार रविवार, काका.

आता १४ नंबरच्या फ्रेमबद्दल. धूमकेतूच्या डावीकडे एक तिरकी बारीक रेघ होती, मी ती ओरखडा समजून पहिल्याच दिवशी क्लोन करून, म्हणजे शेजारचं आकाश वर चिकटवून, पुसली होती. तुम्ही इन्फ्रारेड उघडलात, त्या जागी काहीच नव्हतं. लूपखाली, म्हणजे भिंगाखाली, तिरप्या उजेडात फिल्म धरलीत, ओरखडा नाही. रेघ इमल्शनच्या आत, दोन्ही टोकांना निमुळती. उल्का आहे गं, म्हणालात.

त्याच फ्रेममध्ये सगळे तारे जोडीचे दिसत होते, प्रत्येकाला एकाच बाजूला जुळा ठिपका. मला वाटलं स्कॅनरच्या मोटरने झटका दिला. पट्टी दुसऱ्या टोकाने घालून परत स्कॅन केली तर जुळे फिल्मबरोबर फिरले, म्हणजे मशीनचे नाहीत. किती अंतर आहे मोज म्हणालात, सहा पिक्सेल, आणि तुम्ही कागदावर हिशोब मांडलात: ५० एमएमच्या लेन्सला एवढं सरकायला आकाशाला साधारण दहा-पंधरा सेकंद लागतात. स्क्रू दहा-पंधरा सेकंद थांबला होता.

रात्री मैत्रिणीला फोन केला. स्क्रू तीच फिरवत होती. मी अजून फोटोबद्दल काही बोललेसुद्धा नव्हते, नुसतं वांगणी म्हटलं, तर ती म्हणाली, ती उल्का आठवते का, मी फिरवायचीच विसरले होते आणि तुला सांगितलं नाही, फ्रेम वाया गेली म्हणून तू चिडशील.

मोठी प्रिंट तिच्यासाठी काढलीय, दुसरी तुमच्यासाठी. रेघ आहे, जुळे तारे पण तसेच ठेवलेत. रविवारी घेऊन येते.