मुक्ताच्या निमित्ताने

सनीव्हेल, कॅलिफोर्निया
१४ सप्टेंबर २०२५

प्रिय सुन्या,

मुक्ताबद्दलचा तुझा मेसेज वाचला. दोन ओळींत उत्तर देऊन मोकळं होण्यासारखं हे प्रकरण नाही, म्हणून रविवारची सकाळ काढून लिहायला बसलोय. पोरगी बास्केटबॉलमध्ये पॉइंट गार्ड, म्हणजे बॉल पुढे नेऊन खेळ मांडणारी, निवड चाचणीत ‘उंची कमी पडते’ म्हणून बाजूला काढली, त्यात दहावीचं वर्ष, आणि ती म्हणते अमेरिकेतल्या कॉलेजात जाऊन खेळणार. वहिनींच्या मते हे खूळ आहे. तुझं मत तू लिहिलंच नाहीस, लबाडा.

योगायोग बघ, ऑगस्टअखेर अमेरिकन बास्केटबॉलपटू जेरेमी लिन निवृत्त झाला. २०१२ साली न्यूयॉर्कमध्ये त्याने माजवलेली ‘लिनसॅनिटी’ तुला आठवत असेल, पण ती दोन-तीन आठवड्यांची धमाल सगळ्यांना ठाऊक असते. त्याआधीचं फारसं कुणी सांगत नाही, आणि मुक्ताच्या कामाचं तेच आहे.

त्याची शाळा, पालो आल्टो हायस्कूल, आमच्यापासून जवळच. समोर एल कमिनो रिआल हा हमरस्ता आणि पलीकडे थेट स्टॅनफर्ड. आईवडील तैवानहून आलेले, वडील कॉम्प्युटर इंजिनिअर. म्हणजे आपल्या इथल्या मराठी मंडळींचीच गत म्हण ना. फरक इतकाच की या गृहस्थांना बास्केटबॉलचं वेड. लहानपणी हातात कधी बॉल घेतला नाही, पण मॅचेसच्या व्हिडिओ टेप बघून बघून खेळ शिकले, आणि रात्री साडेआठला अभ्यास आटोपला की तिन्ही पोरांना घेऊन वायएमसीएच्या कोर्टवर. आईला ओळखीपाळखीचे लोक टोचायचे, पोराचा वेळ वाया घालवतेस म्हणून. तिची अट एकच, मार्क घसरले की खेळ बंद. (हे वहिनींना वाचून दाखव. पण नुसतं एवढंच वाचू नकोस, नाहीतर उलटंच व्हायचं.)

आता उंचीचं. हायस्कूलला गेला तेव्हा हा गडी पाच फूट तीन इंच होता. शेवटच्या वर्षापर्यंत सहा फुटांच्या वर गेला. मुक्ता तशी वाढेलच असं मी म्हणत नाही, पण दहावीत कुणाच्या उंचीवर शिक्का मारणाऱ्यांचं मला नवल वाटतं. २००६ साली त्याच्या शाळेने राज्याच्या अंतिम सामन्यात माटर डे या बड्या शाळेला ५१-४७ असं हरवलं. हंगामात ३२ विजय, एक हार. आणि इतकं होऊन डिव्हिजन वनच्या, म्हणजे कॉलेज खेळांतल्या सगळ्यात वरच्या गटातल्या, एकाही कॉलेजने शिष्यवृत्ती देऊ केली नाही. स्वतःच्या खेळाची डीव्हीडी करून कॉलेजांना पाठवली, रस्त्यापलीकडच्या स्टॅनफर्डलाही. काही उपयोग झाला नाही. शेवटी हार्वर्डला गेला. आयव्ही लीगमध्ये, म्हणजे हार्वर्ड आणि तिच्यासारख्या जुन्या नामांकित विद्यापीठांच्या गटात, खेळासाठी शिष्यवृत्ती देतच नाहीत, घरची ऐपत बघून मदत मिळते. ही गोष्ट तू टिपून ठेव, पुढे कामाला येईल.

हार्वर्डला टॉमी अमेकर हा प्रशिक्षक आला आणि संघ उभा राहिला. डिसेंबर २००९ मध्ये कनेक्टिकटसारख्या तगड्या संघाविरुद्ध लिनने ३० पॉइंट काढले. सामना हरले, पण लोकांच्या माना वळल्या. त्याच काळात प्रेक्षकांतून त्याच्या चेहऱ्यावरून घाणेरडे शेरे यायचे, तेही ऐकून घेतलं. २०१० मध्ये अर्थशास्त्राची पदवी हातात पडली आणि एनबीए या व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ नवे खेळाडू निवडतात तिथे, त्याचं नाव कुणीच पुकारलं नाही.

मग उन्हाळ्यात नव्या खेळाडूंना आजमावणाऱ्या समर लीगमध्ये चमकला म्हणून घरच्याच गोल्डन स्टेट वॉरियर्सनी करार केला. पण बसवलं बेंचवर, आणि मधूनमधून रीनोच्या छोट्या लीगमध्ये धाडायचे. २०११ साली मालक आणि खेळाडूंच्या भांडणात लीगच बंद पडली, तेव्हा हा इथे लॉस ऑल्टोस हिल्समधल्या एका शाळेत मुलींच्या संघाला शिकवणाऱ्या डॉक शेप्लर यांच्याकडे जाऊन आपला शॉट मोडून पुन्हा बांधत होता. मला या सगळ्या कहाणीत हाच भाग सगळ्यात आवडतो. एनबीएचा खेळाडू, आणि शाळेच्या मास्तरांपुढे हात कुठे धरू म्हणून विचारतोय! डिसेंबरात वॉरियर्सनी काढलं, ह्यूस्टनने घेतलं आणि नाताळच्या आदल्या दिवशी त्यांनीही काढलं. मग न्यूयॉर्क निक्स. तिथे भावाच्या घरी सोफ्यावर झोपायचा, कारण १० फेब्रुवारीला करार पक्का होणार होता आणि त्याआधी नारळ मिळण्याची चिन्हं होती.

४ फेब्रुवारी २०१२ ला निक्सची अवस्था ८ विजय, १५ पराभव. प्रशिक्षक माइक डँटोनींची सगळी पद्धत पिक अँड रोल या डावपेचावर. संघातल्या चँडलरसारखा उंचपुरा गडी येऊन आडवा उभा राहिला की दोन बचावपटू गार्डच्या अंगावर येतात. त्याच क्षणी तिसरा कोण मोकळा झालाय हे ज्याला दिसतं, त्याच्यासाठीच ही पद्धत. निक्सकडे असा गार्ड नव्हता. बॅरन डेव्हिस पाठीने जायबंदी, बाकीचे चाचपडत होते. लिनला तेवढंच येत होतं, आणि ते पक्कं येत होतं. नेट्सविरुद्ध २५ पॉइंट, लेकर्सविरुद्ध ३८, ओळीने सात विजय.

टोरांटोचा सामना तू यूट्यूबवर मुक्ताला जरूर दाखव. ८७-८७ अशी बरोबरी. बॉल लिनकडे, समोर काल्डेरॉन. घाई नाही. तीन पॉइंटच्या रेषेबाहेर उभ्या उभ्या ड्रिबल करत घड्याळ उतरू देतो. काल्डेरॉन आत घुसण्याच्या भीतीने किंचित मागे सरकतो, आणि तेवढ्यात हा तिथूनच शॉट मारतो. अर्धा सेकंद शिल्लक. मुक्ताला सांग, बॉलकडे बघू नकोस, काल्डेरॉनच्या पायांकडे बघ.

पण मायामीचा सामनाही दाखव. लिबरॉन आणि कंपनीने अर्ध्या कोर्टापासूनच गळा धरला. अकरा शॉटमधला एक आत, आठ टर्नओव्हर, म्हणजे आठदा बॉल गमावला. बॉल वाचवायचा कसा, हे शिकायचं असेल तर हाच सामना.

पुढचं थोडक्यात. गुडघ्याची दुखापत, ह्यूस्टनचा मोठा करार, मग या गावचा त्या गावाला. २०१९ मध्ये टोरांटोबरोबर विजेतेपद, पण अंतिम मालिकेत जेमतेम मिनिटभर मैदानावर. नंतर बीजिंग, आणि शेवटी तैवानमध्ये न्यू तैपेई किंग्जकडून २०२४ आणि २०२५ अशी लागोपाठ विजेतेपदं, धाकट्या भावासोबत एकाच संघात.

आता कामाचं. मुक्ताचे नुसते निवडक बास्केट जोडलेले व्हिडिओ मला पाठवू नकोस. दोन-तीन अख्खे सामने पाठव, हरलेला एक तरी असू दे. बॉल तिच्या हातात नसताना ती कुठे उभी असते ते मला बघायचंय. इथे माझ्या मुलाच्या क्लबमध्ये एक बाई शिकवतात, कॉलेजला गार्ड म्हणून खेळलेल्या आहेत, त्यांना दाखवतो. त्या तोंडावर खरं सांगतात, तेव्हा मुक्ताला आधी कल्पना दे. आणि डाव्या हाताने लेअप जमतो का, ते विचारून कळव. मागच्या वर्षी सोसायटीच्या कोर्टवर खेळलो तेव्हा दर वेळी उजवीकडेच वळत होती.

दहावीची परीक्षा मात्र नीट होऊ दे, त्यात मी वहिनींच्या बाजूने. काकूंना नमस्कार सांग. डिसेंबरात येतोय, तेव्हा बोलूच.

तुझा,
मंदार